दाण्यांवर काय घालावं, ते तुम्हीच सांगा
मीरा-भाईंदरच्या पशुवैद्यांना खुलं पत्र

मीरा-भाईंदरमधल्या सर्व पशुवैद्य डॉक्टरांना,



पत्रास कारण की, आपल्या शहरातल्या पाळीव कुत्र्यांच्या वाटीत काय पडतं हे तुम्हाला खरं सांगितलं जात नाही. सांगत नाही ते आम्हीच. टेबलावर कुत्र्याला धरून उभे असताना तुम्ही विचारता, "खायला काय देता?" आम्ही तयार दाण्यांच्या कंपनीचं नाव सांगतो. ते खोटंही नसतं. पण त्या दाण्यांवर सासूबाई दहीभात कालवतात, मुलगा शाळेतून आला की बिस्किटाचा पुडा कुत्र्याबरोबर वाटून खातो, रविवारी चिकनवाल्याकडून पोटा-कलेजी येते, आणि अलीकडे मोबाइलवर कोणीतरी सांगितलं म्हणून कच्च्या कोंबडीची मानही येते. यातलं काही तुमच्या कानावर पडत नाही. पडलं की तुमचं ठरलेलं उत्तर येतं, "डॉग फूड सोडून काही देऊ नका." आम्ही मान डोलावतो, फी देतो आणि रिक्षात बसतो. घरी गेल्यावर सगळं पूर्ववत.

त्या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे. ते चुकीचं आहे म्हणून नव्हे; ते कोणी पाळत नाही म्हणून. जो सल्ला पाळला जात नाही तो दिल्याचं समाधान डॉक्टरला मिळतं, कुत्र्याला काही मिळत नाही. आणि तुम्ही जिथे बोलणं थांबवता तिथून पुढे बोलायला बरेच जण टपलेले असतात. कच्च्या मांसाची गोठवलेली पाकिटं घरपोच देणारे, लांडग्याचा फोटो लावून 'दाणे म्हणजे विष' सांगणारे, अंड्याच्या टरफलाची पूड हा सगळ्या रोगांवर उतारा मानणारे. त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे आणि ते मराठी-हिंदीत बोलतात. तुमचा आहाराचा तक्ता मात्र इंग्रजीत छापलेला, बहुधा एखाद्या कंपनीने दिलेला. त्यात सालमन असतो, ब्लूबेरी असते, क्विनोआ असतो. उत्तनचा बोंबील त्यात मी अजून पाहिलेला नाही.

मला वाटतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायचं असेल तर योग्य कारणासाठी रागावता येईल. दाणे मुख्य राहू द्यावेत. त्यांवर ताजं, शिजवलेलं, मोजून घातलेलं अन्न चालतं, चांगलंच असतं. कच्चं मांस मात्र आपल्या शहरात, आपल्या हवेत, आपल्या घरांत नको. ह्या तिन्ही गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. त्या मोठ्याने, आकड्यांसकट आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगा, एवढंच मागणं आहे.

दाण्यांची बाजू आधी घेते, कारण हल्ली ती घेणारे कमी झाले आहेत. हा प्रकार काही फार जुना नाही. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं काढली. गोदीवरची कुत्री जहाजांवरची कडक बिस्किटं खाताना पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. आजचे फुगीर दाणे १९५० च्या दशकातले, दाबाखाली पीठ शिजवून यंत्रातून काढलेले. आपल्याकडे तर कालपरवापर्यंत कुत्रं म्हटलं की भाकरी, ताक आणि उरलंसुरलं. राई, मुर्धे, डोंगरी ह्या गावांतली जुनी माणसं अजूनही म्हणतात, आमच्या कुत्र्यांना कधी दाणे लागले? नव्हतेच लागले. पण ती कुत्री दिवसभर गावभर फिरत, उंदीर-घुशी मारत, हाडं चघळत, आणि त्यांच्यातली किती लवकर गेली ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरला भाकरी-ताकावर तसंच जगता येईल, हे मला पटत नाही.

दाण्यांचं खरं काम कुठे आहे ते पाहायचं तर चिकन-भात घ्या. प्रेमळ घरातला हा सर्वांत आवडता पदार्थ. पिल्लू आणलं की उकडलेलं चिकन आणि मऊ भात. पिल्लू खातं, वजन धरतं, सगळे खूश. १०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. इथे ते पंधरा-वीस पटींनी कमी. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला शरीर मग हाडांतून उचल करतं. काही महिन्यांत पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू उडी मारायला घाबरतं, आणि एखादं हाड साध्या पडण्याने मोडतं. लोक त्याला सरसकट मुडदूस म्हणतात आणि कॅल्शियमचं सिरप आणतात. तुमच्याकडे अशी पिल्लं दर महिन्याला येत असणार. त्यांच्या घरात प्रेमाची किंवा पैशांची कमतरता नसते, कमतरता असते ती कुणीतरी हा हिशेब समजावून सांगण्याची.

उलटा प्रकारही आहे, आणि तो जास्त शिकलेल्या घरांत दिसतो. दाणे पूर्ण चालू असताना वरून रोज अंड्याच्या टरफलाची पूड. चहाच्या एका सपाट चमच्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं. अमेरिकेतल्या आफ्को ह्या संस्थेचा प्रौढ कुत्र्यासाठीचा किमान निकष दर १००० कॅलरींमागे सव्वा ग्रॅम, आणि तेवढं चांगल्या दाण्यांत आधीच घातलेलं असतं. म्हणजे पूर्ण दिवसाच्या गरजेवर आणखी दीड दिवसाची भर. प्रौढ कुत्रं ते बरंचसं बाहेर टाकतं. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डच्या लहान पिल्लाला ते जमत नाही. जास्तीच्या कॅल्शियमने त्याच्या हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. एकाच चमच्याने एका घरातलं पिल्लू सुधारू शकतं आणि शेजारच्या घरातलं बिघडू शकतं. हे मोबाइलवरचा माणूस सांगत नाही. त्याने ते पिल्लू पाहिलेलंच नसतं.

म्हणूनच जगभरचे तुमचे सहकारी एक साधी मर्यादा सांगतात: संतुलित दाण्यांवर वरचं जे काही घालायचं ते दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवा, म्हणजे दाण्यांचं गणित मोडत नाही. आमची अडचण अशी की दहावा हिस्सा म्हणजे किती, हे कोणी वाटी-चमच्यात सांगत नाही. मी करून पाहते, चुकलं तर दुरुस्त करा. नसबंदी झालेल्या, २० किलोच्या, बेताचं फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात. दहावा हिस्सा १००. त्यात एक उकडलेलं अंडं आणि अर्धी वाटी शिजवलेला लाल भोपळा बसतो. किंवा बिनहाडाचं उकडलेलं चिकन सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे माणसाच्या हाताची दोन बोटं भरतील एवढं. किंवा भात पाऊण वाटी. आणि ग्लुकोजची बिस्किटं? चार. चार बिस्किटांत दिवसभराचा वरचा वाटा संपला, आणि पदरात पडली फक्त साखर आणि मैदा. मुलाने शाळेतून आल्यावर दिलेला अर्धा पुडा म्हणजे कुत्र्याचं एक जेवणच. शिवाय वरचं १०० कॅलरींचं घातलं तर दाणे २५-३० ग्रॅमने कमी करायचे असतात. हे वाक्य मी तरी कुठल्या दवाखान्यात भिंतीवर लिहिलेलं पाहिलेलं नाही, आणि आपल्या शहरातल्या गोलमटोल लॅब्रॅडॉरांचं मूळ बरंचसं त्यातच आहे. संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहून पाहा. २००२ साली लॅब्रॅडॉरांवरचाच एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ४८ कुत्री, जन्मापासून मरेपर्यंत पाहिलेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलेलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली. अभ्यास एका दाणे-कंपनीचाच होता, ही गंमत सोडून द्या.

एवढं सगळं असेल तर दाण्यांवर काही घालायचंच कशाला? काही डॉक्टर असंच म्हणतात, आणि त्यात चूक नाही. चांगल्या दाण्यांवर कुत्रं आयुष्यभर ठणठणीत राहतं. माझ्या मते घालण्याची कारणं तीन, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिलं पाणी. दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, शिजवलेल्या अन्नात सत्तरच्या आसपास. मे महिन्यात भाईंदर पूर्वेच्या वरच्या मजल्यावर ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना ह्या फरकाची किंमत सांगायला नको. दुसरं, भाज्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००५ मध्ये स्कॉटिश टेरियर कुत्र्यांची पाहणी छापली. ह्या जातीला मूत्राशयाचा कर्करोग फार होतो. ज्यांना आठवड्यातून निदान तीनदा पालेभाज्या किंवा पिवळ्या-केशरी भाज्या मिळत होत्या त्यांच्यात तो कमी आढळला. एकच जात, मालकांच्या आठवणींवर बेतलेली माहिती. एवढ्यावर भोपळ्याला औषध ठरवता येत नाही. पण लाल भोपळा, गाजर, फरसबी, दुधी ह्या भाज्या वाफवून, मीठ-फोडणीविना दिल्याने निरोगी कुत्र्याचं काही बिघडत नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटून कॅलरी मात्र कमी जातात. लठ्ठ कुत्र्याच्या घरी ही चांगली सोय आहे. तिसरं कारण आमच्या बाजूचं. कुत्र्याला हाताने काही दिल्याशिवाय आमच्या घरांना चैन पडत नाही. ते थांबवता येणार नसेल तर त्याला वळण लावणं बरं.

आता कच्च्याकडे येते. इथे मात्र मी तुमच्याकडून जरा चढा आवाज मागते आहे.

कच्च्या मांसाचा आजचा पंथ इयन बिलिंगहर्स्ट ह्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ च्या पुस्तकापासून फोफावला. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला लांडग्याचंच अन्न द्या, असा त्याचा गाभा. ऐकायला सरळ. पण २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसून कुत्र्याचं आतडंही थोडं माणसाळलं. भाकरी त्याच्यासाठी परकी नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ ह्या काळात विकत मिळणाऱ्या कच्च्या पाळीव अन्नाचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. ही मोठमोठ्या शीतगृहांच्या देशातली गोष्ट. त्याच २०१२ साली तिथल्या पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने कच्चं किंवा अर्धंकच्चं मांस कुत्र्या-मांजरांना देऊ नये असं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे कोंबडी कापली जाते रस्त्याकडेच्या दुकानात, सगळ्यांसाठी एकाच लाकडी ओंडक्यावर. तिथून प्लास्टिकच्या पिशवीतून, ट्रॅफिकमधून, काशिमीऱ्याहून गोल्डन नेस्टपर्यंत. मग फ्रीजमध्ये, जिथे खालच्या कप्प्यात दुधाचं पातेलं असतं. गोठवलं की जंतू मरतात असा आमच्यात पक्का समज आहे. साल्मोनेला गोठवून मरत नाही, तो थांबून राहतो. आणि कुत्रं स्वतः बऱ्याचदा धडधाकट दिसतं. त्याच्या विष्ठेतून आणि जिभेवरून ते जंतू पसरतात. एका खोलीत आजी, रांगतं बाळ आणि कुत्रं एकत्र राहतात अशा घरांचं हे शहर आहे. कच्ची वजडी आणि बकऱ्याचं काळीज-फुप्फुस देणाऱ्यांना तर फीतकृमीची आठवण स्वतंत्रपणे करून द्यायला हवी. कुत्र्याच्या आतड्यात बसलेला एकायनोकॉकस माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ करतो, आणि ती काढायला शस्त्रक्रिया लागू शकते.

दूर कशाला जायचं? २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं, आणि संशयाची सुई त्यांना दिलेल्या कच्च्या कोंबडीकडे वळली. जंगलातल्या राजाला कच्च्या मांसाने काही होत नाही, हा युक्तिवाद करणाऱ्याला ह्या बातमीचं कात्रण द्यावं. शिजवल्याने हा विषाणू मरतो. साल्मोनेलाही मरतो, फीतकृमीही. कोंबडी २० मिनिटं उकळायला गॅस फार लागत नाही. हाडं मात्र शिजवल्यावर काढून टाका म्हणावं. शिजलेलं हाड तुकड्या-तुकड्यांनी फुटतं आणि घशात किंवा आतड्यात अडकतं. मटणाची नळी देणाऱ्या मालकाला एकदा क्ष-किरणाचं चित्र दाखवा, पुन्हा देणार नाही.

कच्च्याच्या बाजूचा एक अभ्यास मात्र मी लपवणार नाही, कारण तो तुमच्यासमोर कोणीतरी टाकणारच. हेलसिंकी विद्यापीठाने २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत असं दिसलं की पिल्लूपणी प्रक्रिया न केलेलं मांस खाल्लेल्या कुत्र्यांना पुढे पोटाचे जुनाट विकार कमी झाले. मालकांच्या उत्तरांवर आधारलेली पाहणी, त्यामुळे कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. पण ती फडकवणारे त्यातली दुसरी ओळ वाचत नाहीत: माणसांच्या जेवणातलं उरलंसुरलं मिळालेल्या पिल्लांतही तेच दिसलं. म्हणजे आमच्या दहीभाताचीच बाजू!

दहीभाताची बाजू घेतली म्हणून आमटी-भाताची घेता येत नाही. आपल्या स्वयंपाकघरात कुत्र्याला न चालणाऱ्या गोष्टी दडून बसलेल्या असतात. कांदा-लसूण जवळपास प्रत्येक फोडणीत, आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला बाधतात, हे आता बऱ्याच जणांना कळलं आहे. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अंदाज २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी मांडला. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंचेची आमटी, चिंचेची चटणी, भेळ. रस्त्यावर भेळेच्या कागदाशी झटणाऱ्या कुत्र्याला ओढून नेताना मालक 'काही होत नाही' म्हणतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसतं. साखरेविनाच्या च्युइंगममधलं झायलिटॉलही त्याच यादीत घाला, आणि चॉकलेट. 'सगळं बंद' म्हणण्यापेक्षा ही छोटी यादी लोक पाठ करतील.

मासळीबद्दल मात्र तुम्ही का बोलत नाही, हे मला कळत नाही. उत्तन, पाली, चौक ही गावं ह्याच महापालिकेत आहेत. किनाऱ्यावरच्या वलांड्यांवर बोंबील सुकतात, खळ्यांवर जवळा पसरलेला असतो, आणि तारली-बांगडा भाईंदरच्या बाजारात चिकनपेक्षा फार महाग नसतो. तारली-बांगड्यात ओमेगा-३ मेद चांगला असतो; त्याच मेदासाठी आम्ही परदेशी सालमन तेलाच्या बाटल्या विकत घेतो. बांगडा उकडून, काटे काढून, आठवड्यातून दोनदा लहानसा तुकडा. कच्चा नाही, कारण काही माशांत 'ब-१' जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं आणि ते शिजवल्यावरच निकामी होतं. सुका बोंबील मीठ न लावता वाळवलेला असेल तर धुऊन, वाळू काढून, उकळून. खारवलेली मासळी अजिबात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडं. एवढं चार ओळींत सांगता येतं, आणि कोळीवाड्यातल्या डॉक्टरला ते सांगायला कुठल्याही कंपनीचा तक्ता लागत नाही.

ह्या शहराची दुसरी बाजू म्हणजे आपली शाकाहारी घरं. २०१५ च्या पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याच्या इथल्या महापालिकेच्या निर्णयावरून केवढा गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मला पडायचं नाही. पण भाईंदर पश्चिमेच्या कितीतरी जैन-मारवाडी घरांत कुत्री आहेत, त्यांच्या दाण्यांच्या पिशवीत चिकनची पूड असते आणि घरात अंडंही येत नाही. ह्यावर कोणी हसू नये. माणूस आपल्या श्रद्धेत कुत्र्यासाठी जागा करतो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांना विचारलं तर गाजर-बीटही चालत नाही, कंदमूळ म्हणून. मग लाल भोपळा, दुधी, थोडं घरचं पनीर, ताजं दही. मांजरासारखं कुत्र्याचं मांसावाचून अडत नाही. नीट बांधलेल्या शाकाहारी दाण्यांवर ते राहू शकतं. भीती आहे ती त्याला घरच्या डाळ-भातावरच ठेवण्याची. २०१८-१९ मध्ये अमेरिकेत वाटाणे-मसूर फार असलेल्या, धान्यविरहित दाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध तपासला गेला. तपास निर्णायक ठरला नाही, पण डाळींवर सगळा भार टाकणाऱ्या घराला सावध करण्याइतकी माहिती त्यात नक्की आहे. ह्या घरांशी कोणी तरी त्यांच्या चौकटीत बसून बोलायला हवं. तिथे 'चिकन द्या' म्हणणारा डॉक्टर दुसऱ्या भेटीला दिसत नाही.

आणि दाणे दाणे म्हणते आहे, तर ते कुठले? आपल्या बऱ्याच दुकानांत ते सुटे विकले जातात, उघड्या गोणीतून किलोवर. खाडी दोन्हीकडे, पावसाळा चार महिने. मेद उघड्यावर खवट होतो, बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन. २०२० च्या शेवटी अमेरिकेत एका कंपनीच्या दाण्यांतल्या ह्याच विषाने शंभरावर कुत्री गेल्याच्या नोंदी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाल्या होत्या, आणि ती बंद पिशवी होती. आपल्याकडे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या खाण्यापुरता. जनावरांचा आहार 'अन्न' ह्या व्याख्येतून वगळलेला. चिकनच्या दुकानात निरीक्षक येऊ शकतो. कुत्र्याच्या दाण्यांच्या गोणीकडे बघणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. मूळ पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवा, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा, सुटे घेऊ नका: हे तुम्ही म्हणालात तर दुकानदार ऐकेल, कारण गिऱ्हाईक तुमचं नाव सांगेल.

तुमची अडचण मला समजत नाही असं नाही. एका कुत्र्यामागे दहा मिनिटं, बाहेर रांग, टेबलावर चावरा पेशंट. त्यात आहारावर व्याख्यान कधी द्यायचं? आणि आणखी एक अडचण, जी तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलते: बऱ्याच दवाखान्यांत दाण्यांच्या पिशव्याही विकायला असतात. विकू नका असं मी म्हणणार नाही, औषधी आहार दवाखान्यातच मिळायला हवा. पण ज्या कपाटासमोर उभं राहून 'फक्त दाणे द्या' सांगितलं जातं ते कपाट मालकालाही दिसतं. तो मनात हिशेब करतो आणि तुमच्या खऱ्या सल्ल्यावरही संशय घेतो. 'ही पिशवी मी विकतो, तुम्ही कुठूनही घ्या, पण त्यावर अमुक लिहिलेलं बघून घ्या' असं एकदा म्हणून पाहा.

पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने २०११ पासून ताप, नाडी, श्वास आणि वेदना ह्यांच्याबरोबर आहार हीही प्रत्येक तपासणीत विचारायची गोष्ट मानली आहे. विचारता तुम्हीही, पण प्रश्न असा असतो की उत्तर एका शब्दात येतं. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कोणी कोणी काय काय घातलं?" असं विचारा आणि ओरडू नका. आजीने दिलेलं तूप, वॉचमनने दिलेला वडापाव, सगळं बाहेर येईल. ज्यांना वरचं काहीच चालत नाही अशी कुत्री असतातच, मूत्रपिंडाची, स्वादुपिंडाच्या सुजेची, गाभण कुत्री, मोठ्या जातीची पिल्लं. त्यांना स्पष्ट 'नाही' म्हणायला मग तुमच्याकडे वजन राहील, कारण बाकीच्यांना तुम्ही उगाच 'नाही' म्हटलेलं नसेल.

आणि एक कागद. मराठी, हिंदी आणि गुजरातीत, एका पानाचा. वजनाप्रमाणे दिवसाच्या कॅलरी, त्याचा दहावा हिस्सा वाटी-चमच्यात, दाणे किती कमी करायचे, काय कधीच द्यायचं नाही, कच्चं का नको. तुमच्यातले कितीतरी जण परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १८८६ पासून चालू असलेल्या त्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आणि आमचा बाजार समोर ठेवून असा कागद करायला एक सुट्टी पुरेल. शहरातले तुम्ही सगळे मिळून तो एकदा तपासा, म्हणजे नवघर रोडवरचा डॉक्टर एक आणि शांतीनगरातला दुसरं सांगतो असं व्हायला नको.

टाइप करणं, भाषांतर तपासणं, छपाई आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावणं हे आम्ही कुत्रेवाले आपसांत वाटून घेऊ. चार-पाच सोसायट्यांतल्या लोकांशी तसं बोलणं झालं आहे. खाली सही मात्र तुमची लागेल. आमच्या सहीच्या कागदाला आमच्याच घरात कोणी विचारत नाही.

कळावे,
आपली,
एक श्वानपालक
नवघर रोड, भाईंदर (पूर्व)